हात सैल पडतो ती जागा

मुखेडच्या साखरामावशीला मी लहानपणापासून पाहत आलो, पण ती नेमकं काय काम करते हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. ती बांगड्या भरते हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. आठवडी बाजारात एसटी स्टँडच्या कुंपणाजवळ तिची पेटी मांडलेली असते. बाकीचे दिवस तीच पेटी डोक्यावर घेऊन ती आसपासची खेडी करते. बांगडी भरताना ती गोष्ट सांगते, हेही मी ऐकलं होतं. पण त्या गोष्टीचा आणि बांगडीचा काय संबंध, हे कधी माझ्या डोक्यात आलं नाही. आलं तेव्हा मी तिच्याकडे भलतंच काहीतरी मागायला गेलो होतो.

त्या भलत्याची हकीकत आधी सांगायला हवी.

मी लातूरला एका कोचिंग क्लासच्या व्हिडिओ विभागात अॅनिमेशन करतो. नांदेडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला आणि इथे लागलो. हृदयाचे कप्पे उघडून दाखवायचे, बेडकाचं पचन दाखवायचं, असली कामं. आमची प्रमुख वर्षाराणी, उदगीरची. तिच्या डोक्यात कॉलेजपासून एक सिनेमा होता, ‘चंद्रावरचा फिटर’. ऐंशी वर्षांनंतरचा काळ. मुक्ता नावाच्या मुलीचे वडील चंद्रावरच्या वसाहतीत पाइप जोडायच्या कामावर गेलेत. एक दिवस त्यांचे निरोप यायचे थांबतात. मुक्ता भंगारातून ठोकळ्या नावाचा यंत्रमानव बनवते आणि दोघं वडिलांना शोधायला निघतात. आई घरी वाट पाहते. शेवटी वडील सापडतात, घरी येतात. लहान पोरांनी आईबापांसोबत बसून पाहावा असा सव्वा तासाचा सिनेमा.

क्लासचे मालक दयानंद सर यांनी एक सवलत दिली होती. सहा वाजता क्लासचं काम संपलं की कॉम्प्युटर आमचे. वर्षाराणी, मी आणि आणखी दोघं, असं दोन वर्षं आम्ही ते काम केलं. मागच्या जानेवारीत सरांनी क्लासच्या हॉलमध्ये पहिला खेळ लावला. त्रेसष्ट पोरं, बहुतेकांसोबत आया. सर दाराशी उभे राहून मोजत होते. पाणी प्यायला पोरगं उठलं म्हणजे शिकवणारा हरला, हा त्यांचा वीस वर्षांचा हिशोब. त्या दिवशी एक्केचाळीस जण उठले.

“एप्रिलमध्ये आणखी एक खेळ लावू,” सर म्हणाले. “तोही असाच गेला, तर संध्याकाळी खोलीला कुलूप. मग सिनेमा विसरायचा आणि बेडूक करायचा. कबूल?”

कबूल म्हणण्यावाचून इलाज नव्हता. पण काय बिघडलं होतं तेच आम्हाला कळत नव्हतं. मला सगळ्यात लागलं ते एका दृश्याचं. ठोकळ्या नवाच चालू झालाय, त्याला हाताचा जोर कळत नाही. तो आईला नमस्कार करायला जातो, तिचे दोन्ही हात पकडतो आणि सगळ्या बांगड्या खळ्ळकन फुटतात. हशा पिकावा म्हणून केलेलं दृश्य. काचेचा प्रत्येक तुकडा कसा उडेल, कुठे आपटेल, याचं गणित मी अकरा दिवस बसून मांडलं होतं. खेळाच्या दिवशी तिथे एकही माणूस हसलं नाही. उलट सगळ्या आया गप्प झाल्या. दोघींनी तर पदर डोळ्यांना लावला. त्यानंतर ठोकळ्याच्या कुठल्याच गमतीवर हॉल हसेना.

मी विचार केला आणि निष्कर्ष काढला की आवाज चुकलाय. आम्ही आवाज काचेच्या ग्लासाचा वापरला होता. तो फार कर्कश होता. खऱ्या बांगड्यांचा नाजूक आवाज घातला की हसतील.

फेब्रुवारीत माझ्या बहिणीचं, आरतीचं लग्न होतं. बांगड्या भरायच्या दिवशी मी रेकॉर्डर घेऊन मुखेडला गेलो.

अंगणात सतरंजी घातली होती. घरच्या, शेजारच्या पंधरा-वीस बाया बसल्या होत्या. मध्ये साखरामावशी, पेटी उघडी. वय साठीच्या पुढचं, अंग वाळलेलं, आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या, लाल, मोरपंखी बांगड्या. आरतीचा हात कडक. अंगठ्याच्या बुडाचं हाड रुंद. मोठं माप घेतलं तर मनगटावर ढिलं पडणार, म्हणून सव्वादोनचंच माप चढवायचं होतं. पहिल्याच बांगडीला आरती ओरडली.

“बरं बाई, ऱ्हाऊ दे,” मावशीने हात न सोडता म्हटलं. “तू काय घाईत न्हाईस अन् मी बी न्हाई. एका सुनेचं सांगते. नवीन लगन झालेली. सासूनं बजावलं, रानातल्या विहिरीतून हाक आली तर ओ द्याची न्हाई. बिलकुल न्हाई.”

“कामून?” कुणीतरी विचारलं.

“ते सासूला इचार, मी कुठं सासू हाय? तर एक दिवस ही गेली पाण्याला. दुपारचा वखत, चिटपाखरू न्हाई. घागर खाली ठिवली, अन् विहिरीतून हाक आली. सुनबाई...”

मावशी थांबली. अंगण गप्प. तिने बांगडी पुढे ढकलली नाही. नुसता आरतीचा हात धरून तिच्या तोंडाकडे पाहत राहिली.

“ही काय बोलंना. परत हाक. सुनबाई, आगं सुनबाई. ही थरथर कापून राहिली, पण ओ न्हाई दिली. सासूचा शब्द. तासभर हाका. तासाभरानं सासू आली, विहिरीत वाकून बघितलं, तर आत सासरा. दोराला लोंबकळलेला. सकाळपासून.”

बाया खदखदल्या. आरतीही हसली, आणि त्याच क्षणी मावशीचा अंगठा फिरला. एकदम चार बांगड्या मनगटावर. आरतीला कळलंही नाही.

मी मात्र आलो होतो आवाजासाठी. हसू ओसरल्यावर मी रेकॉर्डर पुढे केला आणि म्हणालो, “मावशी, चार-पाच बांगड्या फोडून दाखव ना. आवाज भरून घ्यायचाय.”

अंगणातलं बोलणं तुटलं. आईने मागून माझ्या पाठीत धपाटा घातला.

“आरं लेका,” मावशी म्हणाली, “बहिणीच्या लगनाचा चुडा भरून राहिले अन् तू फोडाया सांगतोस? फुटली तरी आपण फुटली म्हणत न्हाई. वाढली म्हणतो. एवढं बी शिकवलं न्हाई का रे लातूरच्या क्लासात?”

“त्याला बेडूक शिकवलेत,” आरती म्हणाली आणि बाया पुन्हा हसल्या.

मी खजील होऊन कोपऱ्यात बसलो. जेवणं झाल्यावर मावशीने स्वतःच मला बोलावलं. “बोल आता. आवाज कशाला पाहिजे होता?”

मी तिला सगळा सिनेमा सांगितला. ठोकळ्याचं दृश्य रंगवून सांगितलं. ती सुपारी कातरत ऐकत होती.

“किती बांगड्या फुटतात त्या बाईच्या?”

“सगळ्या. दोन्ही हातांच्या.”

“अन् नवऱ्याचा निरोप कवा बंद झाला?”

“त्याच्या आधीच्याच दृश्यात.”

सुपारी कातरायची थांबली. “मग तू तिचा नवरा मारलास की रे.”

“नाही मावशी, तो जिवंत आहे. शेवटी परत येतो.”

“येईना का. बायांनी त्याला तवाच रडून घेतलं. रडून झालेला माणूस परत आला तर खुशी न्हाई होत, फसवल्यावानी वाटतं. अन् ते यंत्र? मालकाच्या मरणाचा सांगावा घेऊन आलेल्याला कोण हसंल?”

ज्या आईच्या हाताखाली वाढलो तिचे हात मी रोज पाहत होतो. बांगडी तडकली की ती दुसऱ्या हाताने काच झाकून घ्यायची, तोंडाने काही म्हणायची नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी काचेचं गणित मांडताना अकरा दिवसांत एकदाही ते आठवलं नाही.

“मावशी, लातूरला येशील? एकदा सगळा सिनेमा बघशील?”

“येते की. तसाबी माल घ्यायला याचंच हाय.”

मार्चमध्ये ती आली. एसटीतून उतरली तेव्हा पेटी सोबतच होती. आम्ही तिला आमच्या खोलीत मोठ्या पडद्यासमोर खुर्ची दिली. “लहान लेकरू एखादं आणा,” ती म्हणाली. “माझ्या एकटीला बघून काय समजंल?” सरांची सात वर्षांची साक्षी क्लासमध्येच खेळत असायची. तिला मावशीशेजारी बसवलं. मावशीने पेटीतून लहान मापाच्या डझनभर हिरव्या बांगड्या काढून मांडीवर ठेवल्या आणि साक्षीचा हात हातात घेतला. सिनेमा सुरू झाला.

सव्वा तास मावशीने पडद्याकडे फार कमी पाहिलं. ती साक्षीच्या तोंडाकडे पाहत होती. सिनेमा संपला तेव्हा साक्षीच्या हातात दोन बांगड्या होत्या. उरलेल्या दहा मावशीच्या मांडीवर तशाच.

“दुखत होतं मला,” साक्षी म्हणाली आणि हात चोळत पळाली.

वर्षाराणीने वही उघडली. “काय वाटलं मावशी?”

“दोनच गेल्या,” मावशी म्हणाली. “एक, ते यंत्र कुत्र्याला भ्यालं तवा. दुसरी, पोरीनं यानात डबा उघडला अन् लोणचं वर तरंगाया लागलं तवा. बाकी हात आवळलेलाच.”

“पण आवळलेला म्हणजे चांगलंच ना?” मी म्हणालो. “म्हणजे मूल गुंतलंय.”

“गुंतलंय की. पण आवळल्या हातात बांगडी जाती का? ढकललं तर फुटंल न्हाईतर रगत निघंल. तुमी काय केलं बघा. ते यान खाली कोसळून राहिलं, लेकराचा जीव मुठीत, अन् त्याच वखताला ते यंत्र चंद्रावर हवा कशी तयार करतात ते सांगून राहिलं. कोण ऐकंल? भीती घालायची तर नुसती भीती घाला. मग हसवा. हसलं की हात सैल पडतो. जे सांगायचं ते तिथं सांगा. पटकन. लेकराला समजाया न्हाई पाहिजे की आपल्याला काही सांगितलं.”

वर्षाराणी लिहायची थांबली. आमच्या सिनेमात समजावून सांगायच्या अशा अकरा जागा होत्या. आम्ही त्या मुद्दाम थरारात घातल्या होत्या, कारण तेव्हा प्रेक्षक जागा असतो असं आमचं मत. त्या संध्याकाळी आम्ही एकेक तपासली. हवेची माहिती आम्ही लोणच्याच्या दृश्यात नेली. लोणचं तरंगतं, मुक्ता हसते, आणि हसता हसता ठोकळ्या एका वाक्यात सांगतो की चंद्रावर हवा घरातच बनवावी लागते. वाक्य एकच उरलं. बाकीची नऊ वाक्यं लागतच नव्हती.

मग बांगड्यांचं दृश्य निघालं. मावशी म्हणाली, “सगळ्या फोडू नका. एक ठिवा. आमी जुन्या काढून नव्या भरतो तवा बी एक जुनी हातात ठिवतोच. हात रिकामा करत न्हाई.”

इथे वर्षाराणी अडली. “मावशी, राग मानू नका. पण बांगडी म्हणजे नवरा, हे मला सिनेमात नको. नवरा गेला की बाईचे हात रिकामे करायचे, ही रीत मुलींना कशाला शिकवायची? त्यापेक्षा दृश्यच काढते.”

मला वाटलं, आता मावशी चिडणार. ती आपल्या कोपरापर्यंतच्या बांगड्यांवरून हात फिरवत राहिली.

“माझे मालक जाऊन एकवीस वर्सं झाली,” ती म्हणाली.

मुखेडचा असून मला हे माहीत नव्हतं.

“बायांनी माझ्या वाढवल्या, दगडावर. मग सांगाया लागल्या, आता हा धंदा सोड, तुझ्या हातानं कोण भरून घेईल? वरीसभर न्हाईच कुणी आलं. एक दिवस पेटी उघडली अन् स्वताच्या हातात भरल्या. एका हातानं दुसऱ्या हातात भरणं लई बेजार काम हाय, करून बघ. बाजारात जाऊन बसले. पयल्यांदा लेकरंच आली, लेकरांना काय? मग त्यांच्या आया आल्या.” ती वर्षाराणीकडे पाहून हसली. “तुझ्या सिनेमातल्या बाईची एक बांगडी नवऱ्यासाठी न्हाई गं ठिवायची. ती तिनं स्वताहून धरून ठिवायची. यंत्रानं राहू दिली म्हणून न्हाई. तिचा निकाल तिच्या हातात हाय, एवढंच दाखव.”

वर्षाराणीने वही मिटली. “हरिओम,” ती मला म्हणाली, “तुझे अकरा दिवस गेले बरं का.”

ते गेले ते बरंच झालं. नव्या दृश्यात ठोकळ्याच्या पकडीत बांगड्या फुटतात, पण शेवटची एक तडकायच्या आत आई झटक्यात हात सोडवून घेते आणि दुसऱ्या हाताने ती बांगडी झाकते. ठोकळ्या आपल्या पंजाकडे पाहतो. संवाद नाही. पुढे सिनेमात जिथे जिथे मुक्ताचा धीर सुटतो, तिथे आम्ही फक्त घरी स्वयंपाक करणाऱ्या आईचा हात आणि त्यातली एक बांगडी दाखवली. आणि शेवट बदलला. आधी वडील दारात येतात आणि सगळे मिठी मारतात असा शेवट होता. आता वडील येतात, चहा होतो, आणि मग ठोकळ्या आईसमोर बसतो. ज्या पंजाने फोडल्या त्याच पंजाने तो तिला बांगड्या भरतो. इतक्या लांबच्या प्रवासात त्याला हाताचा जोर कळलेला असतो.

त्यासाठी आम्ही मावशीच्या हातांचं चित्रीकरण केलं. वर्षाराणीने हात पुढे केला आणि मावशीने भरल्या, सहा वेळा, सहा बाजूंनी. अंगठा आत वळवायचा, करंगळीकडचं हाड दाबून हात होडीसारखा निमुळता करायचा, बांगडी सरळ न ढकलता किंचित फिरवत न्यायची. मी एकेक चित्र थांबवून ते ठोकळ्याच्या लोखंडी बोटांत उतरवलं. मला एक गोष्ट काही केल्या जमेना. ठोकळ्या बांगडीकडे पाहायचा आणि ते खोटं दिसायचं. मग चित्रीकरणात पाहिलं. मावशी बांगडीकडे पाहतच नव्हती. तिची नजर सगळा वेळ वर्षाराणीच्या तोंडावर. मी ठोकळ्याची मान वर केली, त्याची नजर आईच्या चेहऱ्यावर लावली, आणि तो पत्र्याचा डबा जिवंत झाला.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी सकाळी अकराला दुसरा खेळ लागला. एकसष्ट पोरं. सर दाराशी, हातात वही. मावशी पहाटेच्या गाडीने आली होती. ती पेटी घेऊन मागच्या रांगेत बसली. साक्षी धावत जाऊन तिच्या शेजारी बसली, पण हात पाठीमागे लपवून.

“मला नको बांगड्या. मागच्या वेळी दुखल्या होत्या.”

“नको तर नको,” मावशी म्हणाली. “नुसता हात दे. मला म्हातारीला अंधारात भ्या वाटतंय.”

साक्षीने जरा विचार करून हात दिला.

मी पडद्याजवळच्या भिंतीला टेकून उभा होतो, पोरांकडे तोंड करून. कुत्रा आला, हशा. पहिला पोरगा पाण्याला उठला, दुसरा उठला. बांगड्या फुटल्या. आया पुढे झुकल्या. पडद्यावरच्या आईने ती एक बांगडी झाकली तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने नकळत स्वतःचं मनगट धरलं. मग ठोकळ्या आपला पंजा पाठीमागे लपवतो, अगदी साक्षीसारखा, आणि हॉल हसला. पहिल्या खेळात न आलेलं ते हसू मी भिंतीला चिकटून ऐकलं.

शेवटच्या दृश्याला हॉलमध्ये पंख्यांचाच आवाज होता. ठोकळ्याची लोखंडी बोटं आईच्या हातावर फिरत होती. एक, दोन, तीन.

दिवे लागले. सर वही घेऊन पुढे आले. “चार उठले,” ते म्हणाले. “त्यातला एक आजारी होता.” पण त्यांचा स्वर अजून मास्तरांचा होता. “एकसष्टात चार. आकडा चांगला आहे. पण आकडा एका दिवसाचा असू शकतो. मला विचार करावा लागेल, दोन-तीन दिवसांत...”

“पप्पा!” मागून साक्षी ओरडली.

ती बाकावर उभी होती, उजवा हात वर धरून. त्यात हिरव्या बांगड्या होत्या. सरांनी जवळ जाऊन मोजल्या, त्यांची सवयच ती. बारा.

“कधी भरल्यास?” त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत?” साक्षी हात हलवत म्हणाली. बांगड्या किणकिणल्या. “मी सिनेमा बघत होते ना.”

सरांनी मावशीकडे पाहिलं. ती पेटीचं झाकण लावत होती. “शेवटच्या पाच एकदम गेल्या,” ती म्हणाली. “मला बी समजलं न्हाई. मी बी तिकडंच बघून राहिले होते.”

सरांनी साक्षीचं मनगट हातात घेतलं. कुठे खरचटलं आहे का, लाल झालं आहे का ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. काही नव्हतं. मग त्यांनी खिशातून आमच्या खोलीची किल्ली काढली आणि वर्षाराणीच्या वहीवर ठेवली.

“पुढच्या सिनेमात बेडूक घाला,” ते म्हणाले. “आपल्याकडे तयार आहे.”

सिनेमाच्या शेवटी नावं येतात, त्यात ठोकळ्यापुढे आम्ही ‘हात : साखराबाई’ असं लिहिलं आहे. मी तिला ते वाचून दाखवलं. “नुसते हातच का रे?” ती म्हणाली, पेटी डोक्यावर घेतली, आणि दोनच्या मुखेड गाडीसाठी स्टँडकडे निघाली.